फडकं बघून चालायचं

त्या रविवारपर्यंत मी देवाजवळ मनापासून काही मागितलं नव्हतं. दिवा लावत होते, सोमवारी आईबरोबर महादेवाला जात होते, पण हात जोडलेले असताना डोक्यात भलतंच काही चाललेलं असायचं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. आईला सहीपुरती अक्षरं येतात. वडील थोडी शेती सांभाळून माळेगावच्या साखर कारखान्यात कामाला होते, त्यांची शाळा चौथीतच सुटली. मी बारामतीला कॉलेजात गेले, पास झाले, आणि जे वाचून, विचारून, लिहून समजतं तेवढंच खरं असं मला हळूहळू वाटायला लागलं. देव असेल तर असू दे, मला त्याची गरज पडलेली नाही, असं काहीसं. हे लिहिताना लाज वाटते. पण ज्यांनी माझं आधीचं लिखाण वाचून पाऊल उचललं, त्यांना हे सांगणं माझं काम आहे.

मी एका संगणक वर्गात शिकवते आणि सुट्टीला स्कूटी काढून भटकते. इंदापूरकडची माळरानं, पाझर तलाव, आडगावांच्या टेकड्या, उजनीच्या धरणाचं पसरलेलं पाणी. आल्यावर इंटरनेटवरच्या माझ्या पानावर लिहायचं: रस्ता कुठवर चांगला, पुढे खडी कशी, पाणी किती न्यावं, पायात काय घालावं, एकट्या मुलीने जावं की नाही. सुरुवातीला मैत्रिणी वाचायच्या, मग अनोळखी माणसं वाचू लागली. कुणी लिहायचं, ताई, तुमच्यामुळे धीर आला. एका शेतकऱ्याच्या मुलीला आणखी काय हवं असतं? प्रत्येक लेखाखाली मी एक ओळ लिहायचे, शिक्का मारल्यासारखी: स्वतः जाऊन आलेय.

भिगवणच्या पुढे, पाण्याच्या काठावरून दिसतं असं एक महादेवाचं जुनं देऊळ आहे. धरण झालं तेव्हा गाव उठलं, पिंड नव्या गावात नेली, देऊळ मात्र पाण्यात राहिलं. पावसाळ्यानंतर फक्त शिखर दिसतं. उन्हाळा चढतो तसं ते एकेक थर वर येतं, जणू कुणी झोपेतून सावकाश उठून बसतंय. मी गेले तेव्हा मार्च लागला होता. एका म्हाताऱ्या कोळ्याने मला होडीतून नेलं. पाणी इतकं स्थिर होतं की देवळं दोन दिसत होती, एक वर, एक खाली, आणि दोन्हींमधून गुलाबी पंखांच्या रोहित पक्ष्यांची रांग उडत गेली. काठापासून देवळाकडे जाणाऱ्या ओळीत पाण्यातून तीन बांबू डोकावत होते. प्रत्येकाच्या टोकाला लाल फडकं.

मी विचारलं, "तात्या, पाणी उतरल्यावर चालत येता येतं का?"

"येत्यात की. फडकं बघून चालायचं, बास."

मी वहीत लिहून घेतलं. फडकं बघून चालायचं. घरी येऊन मी लेख लिहिला आणि त्यात सांगितलं की एप्रिल-मेमध्ये देवळापर्यंत चालत जाता येतं, स्थानिकांनी लाल फडकी बांधून वाट दाखवली आहे, त्या बांबूंच्या रेषेत चालत राहा. खाली नेहमीची ओळ लिहिली. मी चालत गेले नव्हते. पण गेलेच होते ना, होडीतून का होईना, अशी मी मनाची समजूत घातली. त्या म्हाताऱ्याला मी लेखात ‘स्थानिक नावाडी’ म्हटलं होतं. त्याचं नाव विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

एप्रिल सरत आला होता. शनिवारी संध्याकाळी इंदापूरच्या एका निवृत्त शिक्षकांचा निरोप आला. त्यांच्या आईचं माहेर त्या बुडालेल्या गावातलं. आईला हल्ली नातवंडांची नावं आठवत नाहीत, पण माहेरचा महादेव रोज आठवतो. ‘उद्या सकाळी तिला घेऊन जातोय. तुम्ही लिहिलंय तसंच जाऊ. वाट आईला झेपेल ना?’ मी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं, ‘नक्की झेपेल सर, बांबूंच्या रेषेत सावकाश चाला. मी जाऊन आलेय.’ पुढे हात जोडल्याचं चित्र टाकलं.

सकाळी आई अंगणात गवार मोडत बसली होती. मी कौतुकाने तिला तो निरोप वाचून दाखवला, मग माझा लेखही. आई माझं लिखाण ऐकते तेव्हा हात थांबवत नाही. त्या दिवशी थांबवला.

"लाल फडकं कशाला बांधलंय म्हनलीस?"

"वाट कळावी म्हणून."

"कोन म्हनलं?"

"नावाडी म्हणाला, फडकं बघून चालायचं."

आईने गवारीची शेंग टोपलीत टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. "अगं, आपल्या हिरीचं काम चाललं व्हतं तवा तुझ्या बापानं काठीला काय बांधलं व्हतं? लाल फडकंच की. पोरं-ढोरं तितं जाऊ नयेत म्हनून. फडकं बघून चाल म्हंजी त्येच्यापासनं लांब चाल. एवढी शिकलीस आन् एवढं कळंना व्हय गं तुला?"

तो क्षण अजून माझ्या अंगावर येतो. जुन्या गावात विहिरी असणारच. आता त्या गाळाने तोंडापर्यंत भरलेल्या असणार. वरून वाळलेली, भेगा पडलेली जमीन, आणि खाली पाय टेकणार नाही असा मऊ गाळ. मी एका म्हाताऱ्या बाईला आणि तिच्या मुलाला एका विहिरीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर पाठवलं होतं. सरांना फोन लावला, तो लागेना. पाण्याच्या काठी गेल्यावर फोन मुका होतो, हेही मीच लेखात लिहिलं होतं. नावाड्याचा नंबर मी कधी घेतलाच नव्हता.

बारामती ते भिगवण हा रस्ता मला तळहातासारखा पाठ आहे, पण त्या दिवशी तो संपेना. उन्हाने सगळं पांढरट झालं होतं. कालव्याकडेची झाडं, उसाची रिकामी रानं, समोरून येणारे ट्रॅक्टर, सगळं पाण्याखालून दिसावं तसं हलत होतं. काठावर पोचले तर पाणी फार मागे सरलेलं. देऊळ पायथ्यापर्यंत उघडं झालं होतं आणि मध्ये मैदानासारखा पसरलेला करडा गाळ. त्या गाळावर, खूप आत, एक काळी छत्री सावकाश चालली होती. छत्रीखाली दोन माणसं. त्यांच्या पुढे पहिला बांबू, आणि त्यावर फडफडणारं लाल.

मी ओरडले. "मागं फिरा! आजी, मागं फिरा!" छत्री थांबली नाही. मी चपला टाकल्या आणि बांबूंची रेष सोडून थेट त्यांच्या दिशेने पळत सुटले. पन्नास पावलं झाली असतील, पायाखालची वाळल्या गाळाची साय फुटली आणि मी मांडीपर्यंत आत गेले. एक पाय काढायला गेले की दुसरा खोल जायचा. पुन्हा ओरडले, घशातून नुसती हवा आली. छत्री आणि बांबूत आता थोडंच अंतर उरलं होतं. माझ्याजवळ पळायला पाय नव्हते, हाक मारायला आवाज नव्हता, आणि मी लिहिलेली ती ओळ पुसायची सोय नव्हती.

तेव्हा मी मागितलं. शब्द आठवतात, कारण ते फार थोडे होते. महादेवा, मी गेले तरी चालेल, त्यांचं पाऊल माझ्या चुकीवर पडू देऊ नको.

"झोपा! वो बाई, झोपा खाली!" मागून आवाज आला. तोच म्हातारा. काठावर जाळं सांधत बसलेला, आता हातात बांबू आणि बगलेत फळी घेऊन, कुठे पाय टाकावा हे ठाऊक असलेल्या माणसासारखा नागमोडी येत होता.

"माझं राहू द्या तात्या, ते दोघं बघा..."

"उभं ऱ्हायलात तर आजून आत जाल. जोर करू नका. अंग टाका, अंग!"

मी अंग टाकलं. उताणी पडले. पाठीला गाळ गार लागला. वर नुसतं आकाश होतं, त्यात एक घार फिरत होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी काहीही करत नव्हते. किती वेळ गेला सांगता येणार नाही, क्षणभरही असेल. भीती होती, पण माझ्या हातातून सुटून ती जरा दूर जाऊन बसली होती. मग तात्यांनी बांबू दिला, मी तो दोन्ही हातांनी धरला, आणि ज्या गाळाने मला धरून ठेवलं होतं त्यानेच मला हळूच सोडलं.

फळीवर बसल्याबसल्या मी आधी तिकडे पाहिलं. छत्री जमिनीला टेकली होती. बांबूच्या अलीकडे.

"बसल्यात ते," तात्या डोळ्यांवर हात धरून म्हणाले. "म्हातारी बसलीया. शिकल्याली दिसताय तुमी, मग येड्यावानी सरळ का पळालात?"

जुन्या गाडीरस्त्याचा दगड गाळाखाली आहे. त्यावरून बराच वळसा घालून तात्या मला त्यांच्यापर्यंत घेऊन गेले. बांबू दहा-बारा पावलांवर होता. आजी पाय पसरून, घरच्या ओट्यावर बसावं तशा बसल्या होत्या. सर शेजारी गोंधळून उभे. तात्यांनी एक मोठं ढेकूळ उचलून बांबूच्या बुडाशी फेकलं. ते जमिनीवर पडलं नाही. आत गेलं. वरची साय पुन्हा जुळून आली, जणू काही झालंच नाही. सर ते बघत राहिले आणि त्यांनी आईचा खांदा घट्ट धरला.

"ही आमची हीर," आजी म्हणाल्या. "वढ्याकाठच्या तीन हिरींतली. हितं यायचं न्हाय, आबा मारत्यात."

सर म्हणाले, "चालता चालता एकदम थांबली आणि बसलीच. मला वाटलं दमली."

"दमतीय कशाची? आबांनी हाक मारली की. बायडे, मागं फिर. तुला आयकू आली न्हाय व्हय?"

"तुमच्या वडलांनी?" मी विचारलं.

"मग कोन हाक मारनार मला? बायडे म्हनून?"

मी तात्यांकडे पाहिलं. म्हटलं, माझी हाक पोचली असेल. त्यांनी अंगठा आणि बोट चोळून धूळ सोडली, ती आमच्या मागे, काठाकडे उडाली. "वारं तिकडनं हिकडं हाय," ते म्हणाले. "तुमची हाक हितवर यायची न्हाय." मी आजवर कुणाशी या गोष्टीवर वाद घातलेला नाही.

मग मी सरांना सांगितलं, ते लिहिणारी मीच.

"पण तुम्ही तर जाऊन आला होतात," ते म्हणाले.

"होडीतून."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली वाकले, आईच्या चपलेतला गाळ झटकला, आणि म्हणाले, "एवढं लांब पळत आलात, ते मात्र खरं."

तात्यांनी आम्हाला दगडी वाटेने देवळात नेलं. आजींनी माझा हात धरला होता आणि मला त्या कुणा सखूच्या नावाने हाक मारत होत्या. "सखे, हितं आपण चिंचोके खेळायचो. सखे, हितं पाटलाचा बैल बांधायचे." मी हो म्हणत चालले होते. त्यांच्या बोटांमधून बुडालेलं गाव माझ्या हातात उतरत होतं, गल्ल्या, दारं, जात्यांचे आवाज, आणि आम्ही दोघी पाण्याखालच्या एका सकाळी परकर सावरत निघालोय असं मला खरंच वाटत होतं. गाभाऱ्यात पिंड नव्हती. ओलसर गाळ आणि कोपऱ्यात एक शिंपला. आजींनी उंबऱ्याला कपाळ टेकवलं. त्यांच्या शेजारी मीही टेकवलं, आणि त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर माझ्या डोक्यात दुसरं काहीही चाललं नव्हतं.

निघताना मी तात्यांना नाव विचारलं. म्हटलं, लेखात लिहीन, तुम्ही वाचवलंत. ते म्हणाले, "माझं नाव नगं. फडक्याचं लिवा."

घरी आल्यावर तो लेख मी खोडला नाही. त्याच्या डोक्यावर लिहिलं: मी या वाटेने चालले नव्हते. लाल फडकी वाट दाखवत नाहीत, ती विहिरी दाखवतात. फडकं दिसलं की थांबा, आणि काठावरच्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय गाळात पाऊल टाकू नका. कुणीतरी विचारलं, मग तुमचं बाकीचं किती खरं? प्रश्न रास्त होता. मी सगळे लेख काढून बसले. आणखी दोन ठिकाणी ऐकीव वाटा निघाल्या, त्याही कबूल केल्या. बरेच वाचक गेले. सर राहिले. आजी आता महादेवाबरोबर सखूचीही चौकशी करतात, असं त्यांनी मध्यंतरी कळवलं.

त्या दिवशी मी धडपडत होते तोवर माझ्या हातून काहीच झालं नाही. मी अंग टाकलं, त्यानंतर जे झालं ते माझं नव्हतं. हाक कुणाची होती ते मला माहीत नाही. ती माझी नव्हती, एवढं मात्र वाऱ्याने सांगितलं. ज्याची असेल त्याच्यापुढे मी आता रोज हात जोडते, आणि जोडलेले असताना तिथेच असते.

हे लिहून झाल्यावर आईला वाचून दाखवलं. आता पहिली वाचक तीच. ती वांगी निवडत होती. शेवटपर्यंत हात थांबला नाही. मग पदराला हात पुसत म्हणाली, "हां. आता बराबर हाय. टाक."