अर्धा पोचलेला निरोप

हिंजवडीहून सुटणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये त्या बाई रोज खिडकीला डोकं टेकून बसत. त्या मोबाइल नेटवर्कच्या इंजिनिअर आणि मी आठवीत शाळा सुटलेला, वाशीमकडचा साफसफाईवाला. उतरायचं आलं की त्या ड्रायव्हरला म्हणत, "पुलानंतर, औषधाच्या दुकानासमोर, वडाखाली थांबवा हं."

"मॅडम, नकाशा पण काढून देता का?" तो विचारी.

"हॉर्नमध्ये अर्धं हरवलं तरी थांबाल ना," त्या हसत.

एका संध्याकाळी बस गर्दीत अडकली. मोबाइल टॉवरचे लाल दिवे धुरकट आभाळात तरंगत होते. गावी आई डोळ्याच्या ऑपरेशनला एकटीच निघाली होती. तिला थांबवायचं, तर फोन सारखा तुटत होता. मी पुन्हा पुन्हा नंबर लावून "हॅलो, हॅलो" ओरडत होतो.

बाई वळल्या. "बोलणं नंतर जातं. आधी टॉवर फोनला बारीकसा हुकूम देतो, की आता तू बोल, या वाटेनं. तो हुकूम वाटेत तुटला तर सगळंच मुकं. म्हणून आम्ही त्यात मुद्दाम जास्तीचं भरतो, तेच पुन्हा वेगळ्या तऱ्हेनं. उरलेल्यावरून हरवलेलं जुळवता येतं. तुम्हीही तसंच सांगा."

फोन लागताच मी म्हणालो, "आई, थांब. शुक्रवारी येतो. बाजाराच्या दिवशी. मी आल्यावरच जाऊ."

खरखरीतून आवाज आला, "...बाजाराच्या दिवशी ना? म्हंजे शुक्रवारी. ये बापा, तोवर नाही जात मी."

वडाखाली बाई उतरल्या. मी दारातून ओरडलो, "लय उपकार झाले! आई थांबली! थँक्यू मॅडम!" मागे हॉर्न वाजत होते. त्यांनी हात हलवला. काहीतरी पोचलं असावं.