शुद्धलेखनाच्या वीस ओळी

महायुद्धाच्या काळात मी कोरेगावजवळच्या एका शाळेत मास्तर होतो. तपासणीला आलेल्या दिपोटीसाहेबांसमोर औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणताना मी चुकलो. सात औटे साडेपंचवीस म्हणून गेलो. तिसरीतला एक मुलगा ताडकन उठला. "मास्तर, साडेचोवीस!" वर्ग हसला, साहेबही हसले.

त्या मुलाला एका जागी बसणं जमत नसे. तोंडी हिशेबात तो सगळ्यांच्या पुढे, पण घरी दिलेलं शुद्धलेखन चार ओळींवरच थांबायचं. हे मला केव्हाच कळलं होतं. म्हणूनच दुसऱ्या दिवसापासून मी त्याला एकट्याला रोज वीस ओळी देऊ लागलो, आणि रोज सकाळी छड्या.

त्याची आई शाळेत आली. "आवं मास्तर, बाप लढाईवर हाय त्याचा. पोरगं लय बसतंय वो, पर चार वळी झाल्या की हातच चालत न्हाई. तोंडी इचारा की!"

"सगळ्या ओळी आणल्याशिवाय परीक्षेला बसवणार नाही," मी म्हणालो.

त्याला बसवलं नाही. जूनमध्ये तो आलाच नाही, तेव्हा हजेरीपटावरचं त्याचं नाव मी स्वतः खोडलं. खोडताना मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणंच आजवर कुणाला सांगता आलं नाही.