आभाळात शीड

नातवाकडे चाकणला आले की दुपारी मी गॅलरीत बसते. समोर कारखान्याची शेड उभी राहतेय. काल क्रेनखालचा मुकादम हात वर करून ओरडला, "हबेस!" आणि मला पिंपरीचा तो उघडा माळ दिसला.

लग्नाआधी आमचे हे कोकणात गलबतावर खलाशी होते. माझा भाऊ समुद्रात बुडून गेलेला, म्हणून मीच हट्टाने कळवलं होतं, गलबत सोडाल तरच लग्नाला उभी राहीन. त्यांनी सोडलं. तेव्हा पिंपरीत नवे कारखाने येत होते. यंत्रं दोरांनी उचलून बसवायच्या कामावर हे लागले.

एकदा मी डबा घेऊन गेले, तर हे गावातल्या गड्यांना शिकवत होते, "हबेस म्हणजे ओढा, आरिया म्हणजे हळूहळू सोडा. शीड चढवतानाचे शब्द आहेत हे."

"आमी काय, तुमी म्हनाल तसं वडू," जवळच्या निघोजे गावचा एक गडी हसला.

"हबेस!" घरात कधीच न ऐकलेला यांचा आवाज माळावर घुमला. काथ्याचे दोर करकरले, यंत्र उचललं गेलं. सगळे यंत्राकडे बघत होते. हे मात्र त्याच्याही वर, रिकाम्या आभाळात बघत होते.

"काय बघताय?" मी जवळ जाऊन विचारलं.

"काही नाही गो. शिडात वारा भरला का, ते बघायची सवय."

"भाकरी गार होतेय," मी म्हणाले. एक माणूस तरी समुद्राच्या तोंडातून काढला, याचाच मला तेव्हा ताठा होता.

काल लोखंडी तुळई वर गेली. खालची सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. मी तिच्याही वर बघत राहिले, मान दुखेपर्यंत.