ड्राय डेचा मुहूर्त

दारूपायी संसार धुळीला मिळालेली माणसं सगळ्यांनीच पाहिली आहेत. दारूपायी ज्याचा संसार उभा राहिला, नवघरला स्वतःचा ब्लॉक झाला, मुलगी इंजिनिअर झाली, असा माणूस मी मात्र एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. आणि या गृहस्थाने जन्मात थेंब तोंडाला लावला नाही. ते एका व्हिस्कीच्या कंपनीत विक्रीचं काम करायचे. दहिसरच्या चेकनाक्यापासून काशीमीऱ्याच्या पुढपर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांना जेवढे म्हणून बार आणि वाइनशॉप, तेवढी मामांची जहागीर. प्रत्येक बारमध्ये बसून ते लिंबू सरबत प्यायचे. मामी म्हणायच्या, "लोकांचे नवरे बारमधून झिंगून येतात, आमच्यांचे दात आंबून येतात!"

"डोळ्यासमोर असतं तेच खपतं, जावईबापू," हे मामांचं तत्त्वज्ञान. बारमधल्या फळीवर आपली बाटली नजरेच्या उंचीला, लेबल पुढे करून लागली आहे की नाही हे पाहण्यात त्यांचा जन्म गेला, आणि तो हात मग कुठेही स्वस्थ बसेना. साखर आणायला किराणा दुकानात गेले तरी सॉसच्या बाटल्या वळवून सरळ करायचे. दुकानदार बिचारा "काका, रहने दो ना" म्हणत राहायचा. एकदा त्यांनी देव्हाऱ्यातली कुलस्वामिनी खालच्या पायरीवर सरकवून गणपतीला वर आणलं, कारण काय, तर "खाली ठेवला की गिऱ्हाइकाचे हात जोडले जात नाहीत." मामी त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या आणि देवी परत वर गेली. दारूची जाहिरात करायला बंदी, म्हणून कंपनी आपलं नाव छापलेल्या वस्तू वाटायची. त्यातलं उरलंसुरलं सगळं मामांच्या घरी. एका संक्रांतीला मामींनी हळदीकुंकवाला वाण म्हणून पेग मोजायची स्टीलची मापं वाटली. अजूनही त्या बिल्डिंगमधल्या अर्ध्या बायका फोडणीला तेल त्याच मापाने घालतात आणि "लार्ज घातलं की भाजी मस्त होते" असं सांगतात.

पण मामांचं खरं वेड म्हणजे त्यांचं पंचांग. लोक तिथी बघतात, नक्षत्र बघतात. मामा ड्राय डे बघायचे. बाकी कुठल्याही दिवशी त्यांचा मोबाईल रडक्या पोरासारखा चालू असायचा. याचा माल आला नाही, त्याच्याकडे बाटल्या फुटक्या निघाल्या, तिसऱ्याच्या गिऱ्हाइकाला हाच ब्रँड हवा आणि दुकानात नाही. बार बंद असले तरच फोन बंद. म्हणून सव्वीस जानेवारी, अनंत चतुर्दशी, मतदानाचा दिवस, हे त्यांचे मुहूर्त. घराची वास्तुशांत त्यांनी दोन ऑक्टोबरला केली, आणि नेमका तो पितृपक्ष. भटजी काही केल्या तयार होईनात. मामा म्हणाले, "पितरांचं काय ते गांधीजी बघून घेतील, तुम्ही या हो."

हसण्यावारी नेलं तरी यात एक दुखरी जागा होती. त्यांची मुलगी सायली. तिच्या शाळेचं गॅदरिंग काही ड्राय डेला व्हायचं नाही. मामा जायचे, पण ती स्टेजवर आणि हे बाहेर पॅसेजमध्ये फोन कानाला लावून. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने सरळ सांगितलं, "बाबा, साखरपुड्यात तुमचा फोन वाजला ना, तर मी पाटावरून उठेन. मस्करी नाही करत." मामांनी कुठल्याशा निवडणुकीच्या मतदानाचा दिवस धरला, हॉल घेतला, आमंत्रणं केली. आणि पंधरवड्यावर आलं असताना कुणीतरी कोर्टात गेलं आणि मतदानच पुढे ढकललं! ड्राय डे गेला. वर नेमक्या त्याच दिवशी कंपनीची नवी व्हिस्की बाजारात यायची होती. साहेबांनी सुट्टी दिली, पण फोन चालू ठेवायचा या अटीवर. मामा आमंत्रणाची पत्रिका घेऊन एकेका बारमध्ये फिरले आणि प्रत्येकाला विनवून आले, "त्या दिवशी जरा सांभाळून घ्या."

साखरपुडा सुरू झाला. मामा कोऱ्या झब्ब्यात, खिशात फोन, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. सायलीचं लक्ष अंगठीपेक्षा त्या खिशाकडेच जास्त. ओटी भरली, अंगठ्या झाल्या, जेवणाची पानं मांडली, फोन गप्प. मामांनी तो काढून पाहिला, हलवून पाहिला, कानाला लावून पाहिला. शेवटी माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "जरा माझा नंबर लाव बघू. मेला की काय हा?" मी लावला. भर पंगतीत वाजला. सायलीने झटकन मान वर केली, मी माझा फोन तिला उंच करून दाखवला, तेव्हा कुठे ती हसली. मग मामा पंगतीत बसले आणि लेकीला आपल्या हाताने जिलबी भरवली. शेवटपर्यंत बसलेले मामा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

संध्याकाळी काशीमीऱ्याचे एक बारवाले शेट्टी सायलीसाठी साडी आणि नारळ घेऊन आले. मामा त्यांना म्हणाले, "शेट्टी, आज एक भी फोन नहीं आया. माल बराबर पहुँचा क्या?" शेट्टी म्हणाले, "माल किधर पहुँचा साब! आधा लोगों को मिला ही नहीं. पर हम सबने बोल के रखा था, आज साब को कोई फोन नहीं करेगा. अपने लिए आज ड्राय डे." मामा एका हातात साडी, दुसऱ्या हातात नारळ घेऊन नुसते उभे राहिले, आणि डोळे पुसायला त्यांना हात मोकळा मिळेना.

आता मामा निवृत्त झालेत. सायली लांब पुण्याला. घरात सॉसची बाटली सरळ करून झाली, देव्हारा मामींनी आवरून घेतला, की दुपार उरते. मग कधीतरी मला फोन येतो, "जावईबापू, कामात आहेस का? जरा माझा नंबर लाव बघू. चालू आहे का बघतो." ज्या फोनवरून हे सांगतात तो चालूच आहे, हे त्यांनाही कळतं आणि मलाही. मी तसं म्हणत नाही. नंबर लावतो. मामा लगेच उचलत नाहीत, बराच वेळ वाजू देतात.