गुळाला न सापडणारी धूळ

आमच्या साइटवरची सुरक्षितता म्हणजे गूळ. रंगकामाचे ठेके घ्यायला लागल्यापासून रोज सुट्टीच्या वेळी मी प्रत्येकाच्या हातावर एक खडा ठेवायचो. गुळानं छातीतली धूळ उतरते, असं आमच्याकडं सगळेच मानतात. त्यात गूळ गंगापूरकडचा. माणसांना माझ्याइतकं जपणारा ठेकेदार अख्ख्या शहरात नसेल, अशी माझी पक्की समजूत होती.

माझी थोरली वहिनीही माझ्याकडंच भिंती घासायला येते. फरशा कापून कापून दादाच्या छातीत धूळ बसली. आता एक जिना चढला तरी तो कठडा धरून उभा राहतो. घर चालतं ते वहिनीच्या श्वासावर.

गारखेड्यातल्या एका बंगल्यावर मी पहिल्यांदा नॅनो लेप आणला. सगळ्यांना डब्याभोवती उभं करून भाषण ठोकलं, की यातले कण इतके बारीक, की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकालाही दिसायचे नाहीत. पहिला हात वाळला. वहिनीनं घासकागद उचलला आणि परत खाली ठेवला.

"भावजी, इतकं बारीक हाय, तर ते गुळाला कसं सापडायचं?"

माझं भाषण दुकानदाराकडून उसनं आणलेलं, त्यात हे नव्हतं. मालक दारात घड्याळ बघत उभा. आजचा दिवस तोंडाला पदर बांधून भागव, असं मी म्हणून गेलो.

"तुमच्या दादानं बी रुमालच बांधला व्हता."

मी दुकानात फोन लावला, या लेपाच्या धुळीपासून जपायचं कसं, याचा कंपनीचा काही कागद असतो का, विचारलं. असला कागद आजवर कुणी मागितला नव्हता म्हणे, पण त्यानं कंपनीकडून मागवून मोबाइलवर पाठवला. कागद इंग्रजीत. बारावीला मला दोनदा अडवलं ते इंग्रजीनंच. तरी उकिडवा बसून, फोनलाच अर्थ विचारत विचारत वाचला. कोरडं घासू नका, ओलं करून घासा, फिल्टरचा घट्ट बसणारा मास्क लावा. नॅनो कणांपुढं एवढंच, की पुरेशी माहिती उपलब्ध नाही. कंपनीलाच ठाऊक नाय, तर ते आपल्या छातीवर कशाला आजमावून बघायचं, असं म्हणून वहिनी हात धुवायला गेली.

मास्क आले, भिंत ओली झाली, तेव्हाच काम सुरू झालं. मालक दोन दिवस धुसफुसला.

आता कागद वाचल्याशिवाय आमच्याकडं डबा उघडत नाही. परवा दुकानात दुसऱ्या ठेकेदाराची माणसं 'वहिनींचा कागद' मागत होती. ती माझी वहिनी, हे मी तिघांना सांगितलं. चौथ्याला दुकानदारानंच सांगून टाकलं. माझं ऐकून कंटाळला असावा.

गूळ अजून वाटतो. पण तो नुसता गोड लागतो म्हणून.