केटुरानं आमचं लॉक चोरलं

गेल्या वसंतात केटुरा गेली आणि दफनाला आलेला जो तो डोळे पुसत म्हणत होता, "काय गुणाची बाई होती!" होती ना. मी कुठे नाही म्हणते? पण ही सगळी कालव्यावर वाढलेली माणसं, तिनं काय केलं होतं ते प्रत्येकाला ठाऊक, आणि एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. माझ्या पोटात राहीना. मी सबीना. ती चोरी माझ्या डोळ्यांदेखत झाली, तेव्हा सांगायचा हक्कही माझाच.

केटुरा बोटीतच जन्मली. बोट म्हणजे कोळशाची, लांबलचक, अरुंद, आणि मागे एवढीशी खोली. त्यातच चूल, त्यातच पलंग, त्यातच आईबाप आणि पोरं. तिला शाळा ठाऊक नव्हती आणि घाईही ठाऊक नव्हती. काठानं चालायची तीसुद्धा पाण्याबरोबर. म्हातारपणी नगरपालिकेनं तिला विटांचं घर दिलं, तर नळ थोडासा उघडा ठेवून खुर्चीत बसायची. मी म्हणायची, "अगं, पाणी वाया जातंय!" तर म्हणे, "जाऊ दे गं, जाऊन जाऊन कुठे जाईल? खालीच." आणि डोळे मिटून ऐकत राहायची. अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

आमचं सगळं आयुष्य लॉकांत गेलं. चढ आला की कालवा पायऱ्यांनी चढतो, आणि प्रत्येक पायरी म्हणजे एक लॉक. बोटीपुरतं दगडी टाकं, वरच्या अंगाला एक दार, खालच्या अंगाला दोन. बोट आत घ्यायची, दार लावायचं आणि आपल्याजवळचं सुटं हँडल लावून, फिरवून पाण्याची झडप उचलायची. पाणी निघून गेलं की बोट खाली जाते, भरलं की वर येते. हे सगळं ज्याचं त्यानं करायचं. आमच्या बोटीचं सुकाणू माझ्याकडे आणि हँडल माझ्या धाकट्या भावाकडे, ॲबनरकडे. बाबांचे गुडघे धरलेले. ते खोलीच्या दारात बसून पाइप ओढायचे आणि दोघांना शिव्या घालायचे.

केटुराच्या बोटीचं हँडल तिच्याकडे. आम्ही कोळसा भरून खाली निघायचो तेव्हा तिची बोट रिकामी होऊन वर यायची. म्हणजे गाठ पडायची ती लॉकवरच. आम्ही टाक्यात उतरत असू तोवर त्यांची बोट खाली थांबायची, आणि बाईसाहेब हँडल खांद्यावर टाकून वर यायच्या, मदतीला. कसली मदत! मेली खालच्या दोन झडपांपैकी एकच उचलायची, तीही अर्धी. पाणी इतकं सावकाश उतरायचं की सुकाणूला टेकून मला डुलकी लागायची. ओल्या भिंतीवर शेवाळ चमकायचं, दाराच्या फटीतून पाण्याची बारीक धार गळत राहायची, कुठेतरी काठावरून बोट ओढणारी आमची घोडी बेस गवत ओरबाडत असायची. आणि वर ती दोघं दार ढकलायच्या लांब दांडीला टेकून पाण्याकडे बघत उभी. काय बोलतात म्हणून मी कान टवकारायची, तर शब्द नाही. ॲबनर जन्माचा मुखदुर्बळ.

"सगळी उचला की रे झडप!" बाबा खालून ओरडायचे. "इथेच म्हातारा करता काय मला?"

"घट्ट बसलीय, काका," केटुरा वरून म्हणायची.

"बरी तुझ्याच हाताला घट्ट बसते गं!"

दोन उन्हाळे असे गेले. समोरून येणाऱ्या प्रत्येक बोटीला ॲबनर एकच विचारायचा, "फ्रॅकल्टनांची बोट कुठे दिसली?" फ्रॅकल्टन म्हणजे केटुराच्या घरचे. आमच्यात पत्रं लिहायची कोणी, वाचायची कोणी? निरोप बोटीवरून बोटीवर जायचे. कोणी सांगायचं, काल वीटभट्टीपाशी होती, की हा घोडीच्या पुढे पळत सुटायचा. पण लग्नाचं विचारेल तर शपथ.

आणि मग शरदात मालकाचा माणूस धक्क्यावर येऊन म्हणाला, "ही खेप झाली की तुमची बोट उत्तरेकडच्या कालव्यावर. कायमची." बाबा म्हणाले, कोळसा इथला काय नि तिथला काय. ॲबनर पांढराफटक पडला. ते कालवे निराळे, तिथल्या बोटी निराळ्या. एकदा गेलो की केटुराची गाठ पुन्हा पडायची नाही. विचारायचं तर याच उतरणीवर विचारायला हवं होतं.

माझंही सांगते. त्या हिवाळ्यात मी बोट सोडणार होते. मावशीनं चॉकलेटच्या कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकला होता. खिडकी असलेली खोली, रात्रभर एका जागी राहणारा पलंग, नखांत कोळसा नाही! पण बाबांच्या बोटीला एक तरी तरणा हात हवा. ॲबनर होता म्हणून मी सुटणार होते. तेव्हा त्यानं तोंड उघडू नये असंच मला मनातून वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी दुपार झाली तरी धुकं उठलं नव्हतं. बेस पुढे चालतेय हे फक्त तिच्या टापांवरून कळत होतं. दोर धुक्यात शिरून नाहीसा झालेला. पाणी कुठे संपतं आणि काठ कुठे लागतो, काही समजत नव्हतं. आपण तरंगतोय की झोपेत आहोत, असं वाटत होतं. मग वाऱ्याची एक झुळूक आली आणि समोर लॉक दिसलं. टाकं काठोकाठ भरलेलं, वरचं दार सताड उघडं. नुकतीच एक बोट वर येऊन गेली होती.

आता आमच्याकडचा रिवाज असा, की टाक्यातलं पाणी ज्याच्या बाजूच्या पातळीला आणि बोट ज्याची नजरेत, लॉक त्याचं. समोरच्यानं मुकाट्यानं थांबायचं. भरलेलं लॉक कोणाच्या तोंडावर रिकामं करणं म्हणजे चोरी. त्याच्यावरून डोकी फुटलीत, सोयरिकी मोडल्यात.

खालून केटुरा धावत आली. धावत! मी तिला जन्मात धावताना पाहिलं नव्हतं. तिनं आमच्याकडे नीट बघितलं, हात लांब केला असता तर आमच्या बोटीचं टोक हाताला लागलं असतं इतके आम्ही जवळ, आणि दांडीला पाठ लावून तिनं वरचं दार आमच्या तोंडावर बंद केलं. मग खालच्या दाराशी जाऊन झडपा उचलल्या. दोन्ही. पुऱ्या. पाणी धाड धाड निघालं.

बाबा गुडघे विसरून उभे राहिले. "ए चोरटे! आमचं लॉक आहे ते!"

"माहीत आहे, काका," केटुरा म्हणाली.

खालून तिच्या बापाचा आवाज आला, रडवेला. "काय केलंस हे, पोरी? आजवर मी कोणाचं पाणी घेतलं नाही गं!" त्यांची बोट टाक्यात आली, वर चढली, आमच्या शेजारून गेली, तेव्हा त्यानं टोपी काढली पण मान वर केली नाही. बाबांनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

केटुरा मात्र बापाबरोबर गेली नाही. ती दांडीपाशी ॲबनरसमोर उभी होती. रडत होती. आम्ही कायमचे चाललोय हा निरोप कुठल्यातरी बोटीवरून तिला पोचला होता. "तुझं लॉक मी चोरलंय," ती म्हणाली. "भांड ना माझ्याशी! काहीतरी बोल!"

ॲबनरनं नुसती मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. सुटले मी. आणि खरं सांगते, त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

आता लॉक भरलेलं होतं. मी बोट आत घेतली. ॲबनरनं मागचं दार लावलं, खालची झडप उचलली आणि आम्ही उतरायला लागलो. आधी त्या दोघांचे चेहरे दिसत होते, मग हात, मग नुसते बूट, मग ओली भिंत. वर धुकं, खाली काळं पाणी. इतकी शांतता की बाबांचा पाइप विझल्याचंही ऐकू आलं. मग खालची दारं उघडली. एक ॲबनरनं ढकललं, दुसरं तिनं. बेसनं ओढलं, बोट बाहेर आली.

"चल रे, उतर खाली!" बाबा ओरडले. "वेळ काय कमी घालवला?"

ॲबनर वरच उभा.

"ऐकू येत नाही का?"

"मी वर चाललोय, बाबा," तो म्हणाला. मोठ्यांदा. मी त्याचा इतका मोठा आवाज पहिल्यांदाच ऐकला. मग केटुराकडे वळून, आमच्यासमोरच, "येऊ ना मी तुझ्याबरोबर?"

तिनं काय उत्तर दिलं ते ऐकूच आलं नाही. बाबांनी बोट डोक्यावर घेतली होती. "सबीना! घोडी थांबव! तो आल्याशिवाय बोट हलायची नाही!"

ॲबनरनं माझ्याकडे बघितलं. कारखान्याचं त्याला ठाऊक होतं, सगळं ठाऊक होतं. बाबांचा आवाज ऐकून बेस थबकली होतीच; बोट तिथेच थांबली असती तर तो आला असता. बाबांना असं सोडून जाणारा नव्हता तो. मी पाव घटकाभर गप्प राहिले असते तरी पुरे होतं.

मी जीभ टाळूला लावून टक टक केलं. बेसला तेवढं पुरे. दोर ताणला गेला, आणि ती दोघं धुक्यात लहान लहान होत गेली. बाबा मला काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. मी सुकाणू घट्ट धरून रडत होते आणि माझं मलाच कळत नव्हतं की कोणासाठी.

पुढचं लॉक दिसलं. टाकं भरलेलं, दार उघडं. केटुराची बोट त्यातूनच वर आली होती. आमच्यासाठी तयार होतं, पण आता दार लावायला कोणी नव्हतं. मी सुकाणू बाबांच्या हातात दिलं, खोलीतलं जादाचं हँडल कमरेला खोचलं आणि काठावर उडी मारली.