रिकामा चौकोन

वैमानिकाच्या नोंदवहीत दूरच्या उड्डाणांचा वेगळा रकाना असतो. आज मी एक तास वीस मिनिटं हवेत होतो, पण त्या रकान्यातला आजचा चौकोन रिकामाच आहे. पुढे धुरकट झालं, पलीकडची धावपट्टी दिसेना, म्हणून निघालो तिथेच परत येऊन उतरलो. दुसरीकडे चाकं टेकल्याशिवाय ते दूरचं उड्डाण धरत नाहीत.

आमच्या फ्लाइंग क्लबात असे दहा तास भरले, की घरच्या माणसाला शेजारी बसवून दूर नेता येतं. माझे आतापर्यंत आठ तास चाळीस मिनिटं झालेत. बायकोने लगेच बेरीज केली.

"म्हणजे आज दहा झालेच की!"

"नाही झाले. उतरलो कुठे?"

"अहो, पेट्रोल जळलं ना? पाठ दुखतेय ना? मग टाका लिहून. माहेरच्या घरावरून विमानाने नेणार, नेणार, हे तीन वर्षं ऐकतेय मी."

पाठ खरंच दुखत होती. पन्नाशीपर्यंतची निम्मी धावपळ अशीच झाली, असं वाटलं. निघालो, दमलो आणि पुन्हा आपल्याच दारात येऊन उतरलो. ती कुठल्या रकान्यात धरायची?

एकूण वेळेत एक तास वीस मिनिटं लिहिली. शेजारच्या रिकाम्या चौकोनात पट्टी धरून रेघ मारली. उद्या मलाच मोह व्हायला नको.

बायको त्या रेघेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी शेजारी असले, तरी असेच परत फिराल ना?"